डेटामधलं नेढं

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी होतं, पण ते शंभर मार्कांपुरतं, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की सिस्टर डोळे वटारायच्या. तेव्हा या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाचं पाप संपादक मंडळाच्या माथी!

मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल दे, पण झोप येईल असं नको" असा निरोप आला, तेव्हा मी विचारलं, टोपोलॉजीवर लिहू का? समोरून उत्तर आलं, "बस, रिंग, स्टार, मेश ना? पाच मार्कांचा प्रश्न आहे तो, सगळ्यांना येतो."

हो, तीच टोपोलॉजी. फक्त आपण ती अर्धीच शिकलो. पाच कॉम्प्युटर घ्या आणि रिंगमध्ये जोडा. पाच वायरी लागतील. आता वायरींच्या संख्येतून कॉम्प्युटरांची संख्या वजा करा आणि एक मिळवा. ५ − ५ + १ = १. स्टारमध्ये (मधला एक, कडेचे चार) चारच वायरी, म्हणून ४ − ५ + १ = ०. फुल मेशमध्ये दहा वायरी, म्हणून उत्तर ६. हे १, ० आणि ६ म्हणजे त्या जोडणीत किती वायरी (नीट निवडून) तोडल्या तरी नेटवर्क तुटत नाही तो आकडा. आणि गणितवाल्यांच्या भाषेत, त्या आकारात किती स्वतंत्र भोकं आहेत तो आकडा. याला बेट्टी नंबर म्हणतात, एन्रिको बेट्टी या इटालियन गणितज्ञाच्या नावावरून. शून्याचा बेट्टी नंबर म्हणजे तुकडे किती, एकचा बेट्टी नंबर म्हणजे भोकं किती. कर्जत स्टेशनवरचा बटाटावडा कितीही दाबला, चेपला तरी त्याला भोक पडत नाही. मेदूवड्याला असतंच. टोपोलॉजीच्या दृष्टीने मेदूवडा आणि बांगडी एकच, बटाटावडा मात्र वेगळा. लांबी, रुंदी, कोन यांच्याशी या विषयाला काहीही देणंघेणं नाही. जोडलेलं काय, तुटलेलं काय आणि आरपार काय, एवढंच तो विचारतो.

'भोक' हा शब्द मला लेखात बरा वाटेना. मग आठवलं, आपल्याकडे याला इतका सुंदर शब्द आहे! नेढं. सुईला जसं नेढं असतं तसं कड्याला आरपार पडलेलं भोक म्हणजेही नेढंच. आणि ते बघायला लांब जायला नको. माझं आजोळ खालापूर तालुक्यात, चौकच्या जवळ. मामाच्या ओटीवरून इर्शाळगडाचा सुळका दिसतो, आणि त्या सुळक्यात नेढं आहे. ट्रेकला जाणाऱ्यांनी त्यात बसून फोटो काढलेले असतील.

पण तो डोंगर आता कुणी नुसता नेढ्यासाठी ओळखत नाही.

१९ जुलै २०२३. मी तेव्हा बारावी होऊन कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये बुडाले होते. त्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर, ठाकर समाजाच्या वाडीवर, दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, चिखलातून पायवाटेने वर जायला बचाव पथकांना तासाहून जास्त वेळ लागत होता. मोठी मशिनरी वर नेता येत नव्हती आणि हवा इतकी खराब की हेलिकॉप्टरही उडू शकलं नाही. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ माणसं सापडलीच नाहीत. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. मामा त्या रात्री झोपला नाही. रस्त्याने अँब्युलन्स जात राहिल्या, एवढंच तो सांगतो. बाकी बोलत नाही.

आमच्या घरात तेव्हा प्रत्येकजण एकच विचारत होता, "आधी कळलं नसतं का?" इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेताना माझ्या डोक्यात तोच प्रश्न होता, आणि सेकंड इयरला इलेक्टिव्हची यादी चाळताना 'टोपोलॉजिकल डेटा अनॅलिसिस' हे लांबलचक नाव दिसलं तेव्हाही. तो इलेक्टिव्ह आपल्याकडे कुणी घेतला नाही म्हणून चालूच झाला नाही, हा भाग वेगळा. मी आपली पुस्तकं-व्हिडिओ बघून जेवढं समजलं तेवढं लिहिते.

मूळ कल्पना अंगणात बसून समजते. जूनचा पहिला पाऊस, कोरडी शहाबादी फरशी, आणि तिच्यावर पडलेले सुटे थेंब. हे थेंब म्हणजे आपला डेटा. एकेक थेंब एकेक रीडिंग. आता प्रत्येक थेंब हळूहळू पसरतोय असं समजा. सुरुवातीला शंभर थेंब म्हणजे शंभर तुकडे. पसरता पसरता शेजारचे थेंब एकमेकांना भिडतात आणि तुकडे कमी होत जातात. थेंब जर साधारण गोलाकार पडले असतील तर एका क्षणी त्यांचं कडं पूर्ण होतं आणि मध्ये फरशीचा एक कोरडा तुकडा अडकतो. नेढं जन्माला आलं! थेंब आणखी पसरले की तो कोरडा भागही भिजतो. नेढं बुजलं. जन्मापासून बुजेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्या लांबीची एक आडवी रेघ कागदावर ओढायची. अशा सगळ्या रेघा एकाखाली एक मांडल्या की बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा बारकोड तयार होतो, आणि नावही त्याचं बारकोडच.

चार थेंब उगाच जवळ पडले तर त्यांच्यातही चिमूटभर कोरडी जागा अडकते, पण ती लगेच भिजते. छोटी रेघ. खऱ्या कड्याची रेघ लांब. छोट्या रेघा म्हणजे बहुतेक करून नॉइज, लांब रेघा म्हणजे डेटाचा खरा आकार. थेंब किती मोठा धरायचा हे आधी ठरवायची गरजच नाही, सगळे आकार एकदम धरायचे आणि कोण टिकतं ते बघायचं, ही यातली खरी गंमत. याला पर्सिस्टन्स म्हणतात. हर्बर्ट एडल्सब्रुनर, डेव्हिड लेचर आणि आफ्रा झोमोरोडियन यांनी २००० साली ही पद्धत आणि तिचा अल्गोरिदम मांडला. पुढे २००५ मध्ये एडल्सब्रुनर यांनीच कोहेन-स्टायनर आणि हारर यांच्याबरोबर सिद्ध केलं की डेटा थोडा हलला तर रेघांची टोकंही तेवढीच थोडी हलतात, एकदम उलथापालथ होत नाही. लॅबमध्ये रीडिंग घेताना ज्यांचा हात थरथरतो (म्हणजे सगळेच), त्यांना या सिद्धांताचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता टाइम सिरीजकडे येऊ. एका ओळीत मांडलेल्या आकड्यांना कुठून आलं नेढं?

उन्हाळ्यात मामाकडे गेलं की आम्ही पाताळगंगेत डुंबायला जायचो, आणि मामा हमखास ओरडायचा, "आत्ता नको, पाणी सुटायची वेळ झालीय!" आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि नदीला पाणी कुठून सुटणार, असं तेव्हा वाटायचं. ते सुटतं खोपोलीहून. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे १९१५ सालापासून आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. मुंबईत विजेची मागणी वाढली की जास्त पाणी, मागणी उतरली की कमी. म्हणजे तिकडे संध्याकाळी मुंबईकर दिवे लावणार आणि इकडे आमची नदी चढणार!

समजा एप्रिल महिन्यात एखाद्या पुलाखाली दर तासाला पाण्याची पातळी मोजली. आलेख वर-खाली, वर-खाली जाईल. आता प्रत्येक तासासाठी दोन आकडे घ्या, आत्ताची पातळी आणि सहा तासांपूर्वीची पातळी. पहिला एक्स-अक्षावर, दुसरा वाय-अक्षावर. ठिपका द्या. दुसऱ्या तासाचा ठिपका द्या. देत राहा. ठिपके गोल गोल फिरू लागतील, कारण पातळी रोज साधारण तेच चक्र करते आहे.

ओळखीचं वाटतंय ना? फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये सीआरओ एक्स-वाय मोडला टाकून लिसाजू आकृत्या काढल्या होत्या, तेच हे. एका चॅनलला साइन वेव्ह, दुसऱ्याला तीच ९० अंश मागे, की पडद्यावर वर्तुळ. इथे सिग्नल एकच आहे, फक्त दुसऱ्या चॅनलला तोच उशिरा दिलाय. चोवीस तासांचं चक्र असेल तर पाव भाग सहा तास, म्हणून सहा तासांपूर्वीची पातळी घेतली. दोनाऐवजी दहा-वीस मागचे आकडे घेतले तर ठिपके दहा-वीस मितींच्या जागेत जातात, ते डोळ्यांना दिसत नाही, पण बारकोडला दिसतं. अशा उशिराच्या प्रतींमधून मूळ यंत्रणेचा आकार परत उभा करता येतो हे फ्लोरिस टाकेन्स यांनी १९८१ मध्ये दाखवलं, आणि त्यावर पर्सिस्टन्स लावून सिग्नल किती नियमित आहे हे मोजायची पद्धत होजे पेरेआ आणि जॉन हारर यांनी २०१५ मध्ये मांडली. चक्र जितकं पक्कं, तितकी नेढ्याची रेघ लांब.

इथे आमच्या ग्रुपमधल्या एकाने (सिग्नल्समध्ये हायेस्ट!) लगेच विचारलं, "मग फूरिएने काय घोडं मारलंय? एफएफटी काढ, पीक दिसेल." त्याचं बरोबर आहे. चक्र अगदी घड्याळासारखं असेल तर एफएफटीच घ्यावी, ती झटपट होते. पण पाणी कधी सहाला सुटतं, कधी सातला. रविवारी मागणी वेगळी. चक्र तेच, चाल मात्र कमीजास्त. एफएफटीचं पीक अशाने पसरट होतं, कारण ती वेळेला बांधलेली. कडं मात्र थोडं ओबडधोबड झालं तरी कडंच राहतं. आणि जून लागला की काय होतं बघा. पाऊस पडतो, मुंबईच्या दिव्यांशी नदीचा संबंध संपतो, ठिपके वर्तुळ सोडून भलतीकडे भरकटतात. रोजच्या रोज मागच्या आठवड्याचा बारकोड काढला, तर लांब रेघ आखडत आखडत नाहीशी होताना दिसेल. नदीचा स्वभाव बदलला, हे पातळी धोक्याच्या खुणेला लागायच्या आधीसुद्धा कळू शकेल. कळेलच असं म्हणत नाही, कारण त्या पुलाखाली दर तासाला मोजलेली पातळी मला कुठे मिळाली नाही. वरचा सगळा प्रयोग मी वहीत, कल्पनेतल्या नदीवर केलाय.

चित्रांचा प्रयोग मात्र खरा केला.

आमच्या कर्जतच्या घराच्या गच्चीवरून माथेरानचा पूर्वेकडचा उतार दिसतो. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. गेल्या वर्षी, २०२५ च्या जून-जुलैमध्ये, मी रोज सकाळी लोकलला पळायच्या आधी मोबाइलने त्याच डोंगराचा फोटो काढायचं ठरवलं. पाऊस तिरपा येत असेल त्या दिवशी खाडा. मला मोजायचे होते धबधबे. कोणता कधी सुरू होतो, किती दिवस टिकतो.

फोटो म्हणजे पिक्सेलचा तक्ता, प्रत्येक चौकोनात शून्य ते २५५ असा उजेडाचा आकडा. आता उजेडालाच उंची समजा. फोटोचाच एक डोंगराळ मुलूख झाला, पांढरं ते शिखर, काळं ते दरी. आणि मुलूख म्हटला की आमच्या तालुक्यांइतका सोयीचा मुलूख नाही! कल्पना करा, भीमाशंकरच्या डोक्यावरून पाणी चढलंय, सगळं बुडालंय. हळूहळू पाणी ओसरू लागलं. आधी सह्याद्रीच्या मुख्य रांगेची शिखरं बेटांसारखी वर येतील. मग माथेरानच्या माथ्यावरचे दोन-चार उंचवटे वेगवेगळी बेटं म्हणून दिसतील, पण थोडं पाणी उतरताच ते एकमेकांना जोडले जातील. त्यांच्या रेघा छोट्या. सगळं मिळून माथेरान हे बेट मात्र टिकेल, पाणी पार कर्जत-खालापूरच्या भातखाचरांजवळ येईपर्यंत टिकेल, कारण तो डोंगर सह्याद्रीपासून सुटा उभा आहे. त्याची रेघ लांबलचक. दोन बेटं जोडली गेली की आधी वर आलेल्याचं नाव राहतं आणि मागाहून आलेल्याची रेघ तिथे संपते. याला पुस्तकात 'एल्डर रूल' म्हणतात, म्हणजे आपला थोरल्याचा मान! (एक गंमत. उंचीच्या नकाशात प्रत्येक जागेला एकच उंची असते, त्यामुळे इर्शाळगडाचं नेढं अशा नकाशात दिसतच नाही. नेढी शोधणाऱ्या शास्त्राला खरं नेढं सापडू नये!)

तर फोटोतले धबधबे म्हणजे उजळ बेटं. हिशेबासाठी 'गुढी' नावाची लायब्ररी वापरली. पाडव्याशी काही संबंध नाही, फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने केलेली फुकट लायब्ररी आहे, इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'गुढी' झालंय. पण आजीला भारी कौतुक वाटलं.

एकाच फोटोचा बारकोड सोपा. अडचण होती रोजच्या फोटोंची. सोमवारचा धबधबा मंगळवारी ढगाआड गेला आणि बुधवारी परत दिसला, तर तो तोच का नवा? पाणी ओसरताना बेट एकदा वर आलं की परत बुडत नाही, म्हणून तिथला हिशेब सरळ चालतो. इथे दिवसागणिक गोष्टी येतात आणि जातात. यावर गुन्नार कार्लसन आणि विन डी सिल्वा यांनी २०१० मध्ये काढलेला उपाय म्हणजे झिगझॅग पर्सिस्टन्स. सोमवारचा फोटो, मग सोमवार-मंगळवार एकावर एक ठेवलेले, मग नुसता मंगळवारचा, मग मंगळवार-बुधवार एकावर एक, असं नागमोडी पुढे जायचं. एकावर एक ठेवल्यावर दोन्ही दिवसांची बेटं एकमेकांना शिवत असतील तर ते बेट तेच, रेघ पुढे चालू. नाही शिवली तर जुनी रेघ संपली, नवी सुरू. ज्या फोटोत डोंगर पूर्ण ढगात होता ते वगळले, नाहीतर सगळ्याच रेघा तिथे तुटल्या असत्या.

आता निकाल. हसू नका.

सगळ्यात लांब रेघ, जवळजवळ तीन आठवडे अखंड टिकलेली, कुठल्याच धबधब्याची नव्हती. ती होती आमच्या आळीच्या तोंडाशी लावलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सची. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तो पांढराशुभ्र फ्लेक्स रोज येत होता आणि मला दिसतच नव्हता. टिकाऊ ते महत्त्वाचं, हा माझा समज तिथेच गळून पडला. तो कोपरा कापून पुन्हा केलं तेव्हा कुठे धबधबे सापडले. जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशीही टिकणारे थोडेच निघाले, बाकीचे पाऊस थांबला की संपणारे.

पण ज्यासाठी हा लेख लिहिते आहे ती गोष्ट पुढेच आहे. जुलैच्या मध्यात एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर फोटो एकामागून एक फिरवत होते. आजी मागे लसूण सोलत बसली होती. ती एकदम म्हणाली, "थांब गं. तो लाल ओरखडा आधी नव्हता."

मी मागे गेले. खरंच नव्हता. चार दिवसांपूर्वीच्या फोटोपासून उताराच्या हिरव्या अंगावर एक बारीक, तांबूस चीर उमटली होती, आणि त्याआधीचे दोन फोटो ढगातले होते. लहानशी दरड घसरून झाडं-माती खाली गेली होती. खाली वस्ती नव्हती. माझ्या प्रोग्रॅमने त्यातल्या प्रत्येक फोटोचा बारकोड काढला होता आणि एकाही बारकोडमध्ये तिची खूण नव्हती. का? कारण मी उजेड मोजत होते, पांढरं शोधत होते. ओल्या तांबड्या मातीचा उजेड जवळपास ओल्या झाडीइतकाच. लाल रंगाच्या आकड्यातून हिरव्याचा वजा केला आणि त्यालाच उंची धरून तोच हिशेब परत चालवला, तेव्हा ती चीर बेटासारखी वर आली आणि शेवटच्या फोटोपर्यंत टिकली. गणित तेच, लायब्ररी तीच, फोटो तेच. फक्त प्रश्न बदलला होता, आणि तो बदलायचं सुचलं ते आजीने ओरखडा दाखवल्यावर.

मला तेव्हा ती यादी आठवली, जिच्यात इर्शाळवाडी नव्हती. यादी करणाऱ्यांना नावं ठेवायचा माझा अधिकार नाही, मी स्वतःच माझ्या डोंगरावर पांढरं शोधत बसले होते. पण एखादी जागा धोक्याची नाही असं कुणी सांगितलं, तर 'कशावरून नाही, काय मोजलं होतं?' हे विचारायला मी तेव्हापासून शिकले.

जगात या पद्धतीचे चांगले प्रयोग झालेत. सारा टिमोचको, एलिझाबेथ मंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ सालच्या फेलिक्स या चक्रीवादळाची उपग्रहचित्रं घेतली. वादळाच्या ढगांमध्ये रोजच्या रोज एक बदल होतो असं हवामानवाले आधीपासून म्हणत होते, पण ते बहुतेक डोळ्यांनी बघून. यांनी प्रत्येक चित्रातली नेढी मोजून एकेक आकडा काढला, आकड्यांची टाइम सिरीज केली, आणि साधारण एका दिवसाचं चक्र त्यात सापडलं. चित्रांपासून आकडे आणि आकड्यांपासून चक्र, म्हणजे या लेखातले दोन्ही भाग एकाच कामात. आणि दरडींवरही काम झालंय. कुशानव भुयान, कमल राणा आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये दाखवलं की कोसळलेल्या दरडीच्या त्रिमितीय आकारावर टोपोलॉजी लावली तर ती घसरली, वाहिली की सुटून पडली हे ओळखता येतं. याचा उपयोग असा की जुन्या दरडींच्या नकाशात बहुतेक वेळा नुसतं 'इथे दरड' एवढंच लिहिलेलं असतं. वाहणारी दरड लांबपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे कोणत्या उतारावर कुठल्या जातीची दरड येते हे कळलं तर घर कुठे बांधू नये हेही सांगता येईल.

पण हे सगळं कोसळून झाल्यानंतरचं. आधीचं काय? भूशास्त्राच्या पुस्तकात असतं की दरड सुटण्याआधी पुष्कळदा वरच्या बाजूला ताणाच्या भेगा पडतात. सुट्या सुट्या भेगा म्हणजे बरेच तुकडे. त्या एकमेकींना मिळू लागल्या की तुकड्यांचा आकडा उतरतो. आणि भेगांचं कडं पूर्ण झालं की आतला भाग बाकीच्या डोंगरापासून कापला गेला. तुकडे कमी, मग नेढं एक. कागदावर इतकं स्पष्ट आहे की अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात जुलैत त्या उतारावर गुडघाभर गवत, वर झाडी, त्याच्यावर धुकं. भेगा दिसणार कुणाला? साध्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. रडार ढगातून बघतं, पण दाट झाडीत गडबडतं. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटला, त्यातलं एक रडार सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतं आणि त्या झाडीतून बऱ्याच आत जातात. जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी कळावं अशी त्याची रचना आहे. मात्र तो त्याच जागेवर दर बारा दिवसांनी येतो. इर्शाळवाडीवरचा तो पाऊस तीन दिवसांचा होता.

महिनोन्‌महिने हळूहळू सरकणारा उतार असेल तर बारा-बारा दिवसांची चित्रं आणि त्यांचा झिगझॅग बारकोड यांतून काहीतरी हाती लागेल, असं मला वाटतं. एका रात्रीत सुटणाऱ्या उतारासाठी वाडीत पर्जन्यमापक हवा, वाडीतल्याच कुणाकडे तो वाचायची जबाबदारी हवी, आणि "झऱ्याचं पाणी आज गढूळ येतंय" असं एखाद्या म्हातारीने सांगितलं तर ते लिहून घेणारा माणूस हवा. मामाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आणि खाली उतरायला रस्ता." त्याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यासाठी मी गच्चीच्या कठड्याला मोबाइलचा स्टँड पक्का बसवून घेतलाय, म्हणजे फोटो हलणार नाही. उजेड आणि लाल-वजा-हिरवा असे दोन्ही बारकोड काढणार आहे. पण एका गच्चीवरून डोंगराची एकच बाजू दिसते. आपल्या कॉलेजात नेरळ, भिवपुरी, पळसदरी, खोपोली, चौकहून येणारे बरेच जण आहेत. ज्यांच्या घरातून डोंगर दिसतो त्यांनी रोज सकाळी एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो काढून मला द्यावा. टी.ई. कॉम्प्युटरच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर मी सापडेन. कॅमेरा कसलाही चालेल. फक्त कोपऱ्यात फ्लेक्स येत नाही ना, तेवढं बघा.